टेकचंदचं नाव

नालवाडीत फाळणीच्या नरसंहाराचं कायमस्वरूपी प्रदर्शन उभं राहत होतं. त्या कत्तलीत थोरला भाऊ गमावलेल्या मोहिनीबाई काठी टेकत प्रदर्शन समितीच्या सचिवांकडे गेल्या.

"बाप्पा, माह्या टेकचंदचं नाव भिंतीवर लिहा नं."

"भिंती देणगीवाल्यांच्या नावानं भरल्या, आजी. मेलेल्यांले जागाच नाई उरली."

"मंग मी बी काई देतो. काय राह्यलं?"

"छताचा पंखा तेवढा राह्यला."

मोहिनीबाईंनी पंखा दिला. पेंटरनं तिन्ही पात्यांवर 'कै. टेकचंद यांच्या स्मरणार्थ' असं झोकात रंगवलं.

उद्घाटनाला पाहुणे स्मृती जपण्यावर तळमळीनं बोलत होते. वर टेकचंद गरगर फिरत होता, एक अक्षर वाचता येत नव्हतं. भर मे महिन्यात मोहिनीबाई उठल्या आणि त्यांनी पंखा बंद केला.