सरळ भिंतीचा फोटो

"वाच," बोडिल म्हणाली. "लिहिताना मला विचारलं नाहीस ना, मग आता मोठ्यानं वाच."

एगोनने चष्मा सारखा केला. त्याची बायको बोडिल कॉफीची किटली हातात घेऊन उभी होती आणि ओतायचं नाव घेत नव्हती.

"'या प्रोग्रॅममध्ये माझी लेन्स घालणाऱ्या बाईंना सरळ रेघ कशाला म्हणतात ते कुणीतरी शिकवा. पाच महिने ताटकळत ठेवलं आणि हाती दिला तो कचरा.'"

"पुढे?"

"'जमत नसेल तर घरी बसून भरतकाम करा.'"

बोडिलने कॉफी ओतली. फक्त स्वतःच्या कपात.

एगोन ब्रोगोर्डने वेस्ट्रुप गावात चाळीस वर्षं गवंडीकाम केलं होतं. यंदा जिल्ह्यातल्या गवंड्यांच्या संघाला शंभर वर्षं होत होती. त्या निमित्तानं संघाचं पुस्तक निघणार होतं, आणि मुखपृष्ठावर शाळेच्या खेळाच्या हॉलची भिंत येणार होती. एगोनने बांधलेली भिंत. फोटो मी स्वतःच काढणार, असं तो सगळ्यांना सांगून बसला होता.

भिंत मोठी, अंगण लहान. म्हणून त्याने रुंद दाखवणारी नवी लेन्स घेतली. अशी लेन्स सरळ गोष्ट थोडी वाकवतेच. कुणाला तरी ते मोजून फोटो सुधारणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये आकडे घालावे लागतात, मग फोटो सरळ होतो. पाच महिने त्याची लेन्स यादीतच नव्हती. शेवटी आली, तर फोटोत भिंतीला चक्क पोट सुटलेलं. वरचे विटांचे थर मधे कमानीसारखे उचललेले. असला फोटो संघात दाखवला असता, तर चौऱ्याहत्तराव्या वर्षी गावभर हसं झालं असतं. एगोनचं डोकं फिरलं आणि त्या प्रोग्रॅमच्या ऑनलाइन फोरमवर त्याने नको ते लिहिलं.

"ही सिड्सेल कोण आहे, वाचलंस का?" बोडिलने विचारलं. "व्हीबोर्गला दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात बघते आणि घरी येऊन तुझ्यासारख्यांच्या लेन्सा मोजते. फुकट."

"फुकट?"

"एक पैसा न घेता. आणि तू तिला भरतकाम सांगतोस."

एगोनचे कान तापले. त्याला वाटत होतं, कुठल्या तरी कंपनीत पगारी माणसं बसली असतील. दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने नंबर शोधून फोन लावला.

"मी एगोन. तो... भरतकामवाला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "बोला."

"मला लाज वाटतेय. तुम्ही हे फुकट करता ते माहीत नव्हतं. आणि पगार घेत असतात, तरी असं लिहायचं नसतं. माझं चुकलं."

"बरं झालं फोन केलात," सिड्सेल म्हणाली. "मी हे सोडूनच देणार होते. आणि मला तू म्हणा, तुमच्या मुलीच्या वयाची असेन."

तिथेच फोन ठेवला असता तर बरं होतं. पण जित्याची खोड ती.

"एवढंच सांगतो हो, भिंत मात्र सरळ आहे."

"मी हीच लेन्स असलेल्या तीन जणांनी पाठवलेल्या भिंतींच्या फोटोंवरून आकडे काढले होते," ती म्हणाली. "कुणाचं गॅरेज, कुणाचं गोदाम. त्यांनी ती बांधली नव्हती. तुमची भिंत तुम्ही बांधलीत?"

"एकेक वीट. या हातांनी."

"मग वाद कशाला? तुम्ही गवंडी. त्या तिघांचं सोडते, तुमची भिंत सरळ धरून आकडे काढते."

चार दिवसांत नवे आकडे आले. एगोनने फोटो उघडला. विटांचे थर वहीतल्या रेघांसारखे सरळ. त्याच संध्याकाळी फोटो संघाकडे गेला, आणि बोडिलने दोन कप कॉफी ओतली.

पुढच्या आठवड्यात फोरमवर तीच लेन्स असलेल्यांची बोंबाबोंब झाली. एस्बियर्गच्या एकाची इमारत मधेच आत ओढली गेली होती. दुसऱ्याच्या चर्चला कंबर आली होती. गुरुवारपर्यंत सव्वीस तक्रारी. एकाने तर लिहिलं होतं, भरतकामाचा सल्ला ऐकायला हवा होता बाईंनी.

प्रत्येकाखाली सिड्सेलचं एकच उत्तर होतं: चूक माझी आहे, माफ करा. एगोनचं नाव कुठेच नव्हतं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. त्याने फोन लावला. "माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुम्हाला आधीच केवढी लाज वाटत होती. आणखी कशाला?"

"असं कसं? शिव्या माझ्यामुळे आणि खायच्या तू? मी आत्ता जातो, भिंत मोजतो, पुराव्याचे फोटो काढतो आणि माझ्या नावानं टाकतो. मग बघू कोण काय बोलतं."

अकराच्या सुमाराला तो शाळेत पोचला. हॉलमधून पोरांचा कालवा ऐकू येत होता. पलीकडून चेंडू भिंतीवर धपाधप आपटत होते. एगोनने भिंतीच्या दोन्ही टोकांना चार-चार बोटं जाडीचे लाकडी ठोकळे लावले आणि त्यांवरून छातीच्या उंचीवर दोरी ताणून बांधली. भिंत सरळ असली की दोरी सगळीकडे चार बोटं लांब राहते. लहान पोरालाही पटेल असा पुरावा.

कॅमेरा घेऊन तो मध्यावर आला. दोरीमागे हात घालून फोटो काढायचा त्याचा बेत होता.

हात गेला नाही. दोरी विटांना टेकली होती. त्याने बोट घालून पाहिलं, मग नख घालून पाहिलं. फोटोतलं पोट भिंतीचंच होतं.

कॅमेरा तिथेच टाकून तो धावत दाराशी गेला. शिट्टी वाजवणाऱ्या शिक्षिकेचा त्याने दंडच धरला.

"बाई, मुलांना बाहेर काढा. सगळ्यांना, आत्ताच्या आत्ता."

"अहो, पण तुम्ही कोण?"

"ही भिंत मी बांधलीय."