देवरामच्या नावाने

सुदर्शन खळ्यावर पोचला तेव्हा देवराम भात झोडत होता. साठी उलटलेला माणूस, पण पेंढी डोक्यावरून फिरवून फळीवर आपटायचा तेव्हा दाणे पार कुडापर्यंत उडायचे.

"या गुरुजी," तो म्हणाला. "लय दिस लावलं."

देवरामच्या बायकोने, धोंडीबाईने, पाण्याचा तांब्या आणून दिला आणि ती पुन्हा सूप घेऊन पाखडायला बसली. सुदर्शन बाजेच्या कडेला टेकला. मोखाड्याहून पोशेऱ्याला जीपने असा कितीसा वेळ लागतो? पण मंगोलियाहून आल्यापासून अडीच महिन्यांत त्याला इकडे येणं जमलं नव्हतं. देवरामचा फुंकून वाजवायचा तारपा तेवढा त्याने जीपवाल्याच्या हाती पाठवून दिला होता.

"वाजला का तिकडं?" देवरामने विचारलं.

"वाजला. मला येतात त्या दोन चाली वाजवल्या."

"दोन पुरं झाल्या. तिसरी हाय ह्या त्यांना कुठं ठावं."

आमंत्रण देवरामला आलं होतं. मंगोलियात लोककलेचा मेळावा, आठ दिवसांचा. कागदपत्रं करायची म्हणून देवरामने ते पत्र शाळेत सुदर्शनकडे आणून दिलं. पुढे मे महिन्यात सुदर्शनने घरी येऊन सांगितलं, की जन्माचा दाखला मिळत नाही आणि त्याशिवाय पासपोर्ट होत नाही. देवरामने वाशाला टांगलेला तारपा काढून सुदर्शनच्या मांडीवर ठेवला. "मंग तुमी जा. ह्याला तरी जाऊ दे." दाखल्यासाठी सुदर्शन तहसील कचेरीची पायरीही चढला नव्हता.

"देव बघितलं का त्यांचं?"

"बघितले. उलानबातरला गंदन म्हणून मठ आहे. आत सोन्याच्या रंगाचा उभा देव, इतका उंच की मान मागे टाकावी तेव्हा तोंड दिसतं. बाहेर पितळेची पिंपं आहेत, मंत्र भरलेली. येणारंजाणारं माणूस हाताने फिरवत जातं. आणि माळावर दगडांच्या राशी. निळी फडकी बांधलेल्या. तीन फेऱ्या मारायच्या आणि आपला एक दगड टाकायचा."

"आपुन खिंडीत टाकतो तसा."

"तसंच. आणि बाबा, तिथले लामा तांब्याचं शिंग वाजवतात. माणसाच्या दुप्पट लांब. टोक पार जमिनीला टेकतं."

देवरामने हातातली पेंढी खाली ठेवली. "फुंक तुटते का?"

"नाही. दोघं असतात. एकाची संपत आली की दुसरा धरतो."

"तसाच पायजे," देवराम म्हणाला. "मी असतो तर त्यांच्याजवळ बसून ऱ्हायलो असतो."

सुदर्शनने पिशवीतून निळा रेशमी रुमाल आणि धुपाची पुडी काढून बाजेवर ठेवली. "हे तुमच्यासाठी दिलंय."

"मना? मना कोण वळखतो तिकडं?"

भेट म्हणून दिलंय, एवढं सांगून उठता आलं असतं. जीपमध्ये त्याने तेच ठरवलं होतं.

"एर्देन झू म्हणून जुना मठ आहे," तो म्हणाला. "त्याच्या भिंतीवर एकशेआठ स्तूप आहेत. तिथे एखाद्याच्या नावाने पोथी वाचून घेतात. आमच्याबरोबर एक दुभाषी बाई होती. तिने तुमच्या नावाने वाचायला लावली. नऊ लामा बसले होते. मधूनमधून तुमचं नाव यायचं. मला सगळ्यांत पुढे बसवलं, तुमचा माणूस म्हणून. दिवेही माझ्याच हाताने लावले."

"पन कशापायी?"

"तुम्ही लवकर बरं व्हावं म्हणून."

धोंडीबाईचं सूप थांबलं. "ह्याला काय झाला होता?" ती म्हणाली. "ह्याला कदी पडसा नाय."

सुदर्शन जमिनीकडे बघत होता. "दाखल्याचं मी काहीच केलं नव्हतं, बाबा. आणि तिकडे कळवलं होतं, देवराम अंथरुणाला खिळलेत, त्यांच्या जागी मी येतो. ते लोक मनापासून वाचत होते. एका म्हाताऱ्या लामाचे हात कापत होते, तरी तो पानं उलटत होता. मला उठून सांगता आलं असतं. मी डोळे मिटून बसलो. बाईला वाटलं, मला भरून आलंय. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला."

एक कोंबडी दाणे टिपत सुपापर्यंत आली. धोंडीबाईने तिला हाकललं नाही.

देवरामने हात धोतराला पुसले, रुमाल उचलला आणि दोन बोटांत धरून उजेडाकडे केला.

"नाव नीट घेत होते का ते?"

"देबराम म्हणायचे."

"देबराम," देवरामने म्हणून पाहिलं.

रुमालाची घडी करून त्याने धोंडीबाईकडे दिली आणि पुन्हा पेंढी उचलली. सुदर्शन उठून उभा राहिला, पण त्याला निघता येईना. शिवी आली असती तरी बरं झालं असतं.

पेंढी तीनदा फळीवर आपटली. मग ती हातात तशीच धरून देवराम म्हणाला, "कागुद तुमीच लिवता ना, गुरुजी. मंग लिवा त्यांना. म्हनावा, देवराम बरा झाला. तो म्हातारा अजून वाचत असल."