काळ्यातला चौकोन

"दिसतोय ना गं चौकोन?" डॉक्टर मढवींनी दारातूनच विचारलं. निशिगंधाने पडद्यावरच्या काळ्या चौकटीत डोळे ताणून पाहिलं. काहीही दिसत नव्हतं. "हो सर," ती म्हणाली आणि वहीत बरोबरची खूण करून मोकळी झाली.

कोपरीतल्या त्या एक्स-रे सेंटरचा दिवस असाच सुरू व्हायचा. डॉक्टर ज्या पडद्यावर एक्स-रे वाचत, त्यावर सकाळी तपासणीचं चित्र लावायचं. त्यात एक पांढरी चौकट, तिच्या पोटात किंचित मळका चौकोन. एक काळी चौकट, तिच्या पोटात किंचित उजळ चौकोन. दोन्ही दिसले तर पडदा ठणठणीत. एक जरी दिसला नाही, तरी फुप्फुसातला पुसट डागही नजरेतून सुटणार, म्हणून काम बंद ठेवायचं. टेक्निशियनने, म्हणजे निशिगंधाने, पाहून खूण करायची आणि डॉक्टरांनी खाली सही करायची.

काळ्यातला चौकोन निशिगंधाला जानेवारीपासून दिसत नव्हता. पहिल्या दिवशी वाटलं, झोप झाली नाही. आठवडा गेला तरी तो दिसेना. तिच्या आईची नजर काचबिंदूने पंचेचाळिशीत गेली होती. घरातल्या घरात ती भिंत चाचपत फिरायची. निशिगंधाला एकेचाळिसावं लागलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची तिची छातीच झाली नाही. एकदा कागदावर आलं की नोकरी गेली, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं. चौकोन कुठे असतो ते तोंडपाठ होतं, त्यामुळे खूण करायला डोळे लागतच नव्हते. घरी तांदळातला खडा तिला लांबून दिसायचा, सुईत दोरा पहिल्या झटक्यात जायचा. पण घाबरलेल्या माणसाला असला पुरावा पुरत नाही.

त्यात डॉक्टर. आधी कधी चौकशी न करणारा हा माणूस नेमका त्याच सुमारास रोज विचारायला लागला. दिसतोय ना? सरांना संशय आलाय, ते आपल्याला खेळवतायत, अशी तिची खात्रीच झाली. तीस वर्षं छातीचे एक्स-रे वाचणारा माणूस, त्याला ती काय फसवणार! ती "हो सर" म्हणायची, ते खाली मान घालून सही करायचे. पडद्यापुढची खुर्ची तिला पिंजऱ्यासारखी वाटायला लागली. आज "नाही" म्हणावं, तर आधीच्या दोनशे "हो"चं काय करायचं?

सप्टेंबरात डॉक्टरांनी राजीनामा दिला. वय झालं, म्हणाले. त्यांच्या जागी येणाऱ्या डॉक्टरबाईंनी अट घातली की पडदा आधी उजेड मोजायचं मीटर लावून तपासून द्या. शनिवारी सकाळी पडद्याच्या कंपनीचा साईनाथ पेटी घेऊन हजर झाला.

साईनाथने पडद्याला मीटर लावलं, आकडे पाहिले, पुन्हा लावलं. मग गाडीतून दुसरा पडदा आणून जोडला आणि तेच चित्र त्यावर उघडलं. काळ्याच्या पोटात उजळ चौकोन बसलेला होता. निशिगंधाला तो स्वच्छ दिसला. तिला रडूच आलं. काचबिंदू नाही, काही नाही, तिचे डोळे शाबूत होते. इतका आनंद तिला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

"तुमचा पडदा गेलाय मॅडम. आजकालचं नाही हे, खूप महिने झालेत," असं म्हणत साईनाथने वही ओढली. पानामागून पान बरोबरच्या खुणा. त्याने वर न बघताच विचारलं, "मग हा कोणाला दिसत होता?"

त्या पडद्यावर वाचलेले शेकडो पेशंट निशिगंधाच्या डोळ्यांपुढून जायला लागले. डॉक्टर मढवी कधीचे दारात येऊन उभे होते. ते आत आले, नव्या पडद्यापुढे वाकले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग त्यांनी नेमकं काळ्यातल्या चौकोनावर बोट ठेवलं.

"पेशंटचं टेन्शन घेऊ नकोस," ते म्हणाले. "जानेवारीपासून इथला प्रत्येक एक्स-रे मी टेंभी नाक्यावरच्या डॉक्टर मित्राकडून पुन्हा वाचून घेतोय. मला वाटलं, माझेच डोळे गेले."

मग त्यांनी वहीवर हात ठेवला. आवाजात राग नव्हता, असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तुला रोज दिसत होता ना गं. म्हणून तर राजीनामा दिला मी."