ऐकण्याचं पान

परमुलखातून कामाला आलेल्या वीस जणांना बाई इथली भाषा शिकवत आणि त्यांच्यावरच प्रबंधही लिहीत. प्रत्येक धड्याच्या शेवटी ऐकण्याचं एक पान असे. भिंतीवरच्या स्पीकरमधून संवाद सुरू झाला रे झाला की बाई हात झटकत. "हे सोडा. परीक्षेत येत नाही. पान उलटा." प्रबंधातलं ऐकण्यावरचं प्रकरण मार्गदर्शकांनीच उडवलं होतं. "बोलणं मोजता येतं हो, ऐकणं मोजणार कसं?"

आज वर्गाला वाचायला बसवून बाई खाली झेरॉक्स काढायला गेल्या आणि तळघरात आग लागली. स्पीकर ओरडू लागला, "इमारतीत आग लागली आहे. मागच्या जिन्याने ताबडतोब बाहेर पडा." बघता बघता सगळी इमारत रस्त्यावर आली. बाईंनी गर्दीत आपली माणसं शोधली. एकही नव्हतं.

अडवणाऱ्याचा हात झिडकारून त्या तीन जिने चढल्या आणि दार ढकललं. वीसच्या वीस डोकी पुस्तकात! वर स्पीकर अजून कोकलतच होता.

"अहो, कानात बोळे घालून बसलात का? ऐकू येत नाही?"

वर्गात कायम पहिला येणारा शिंपी अदबीने उभा राहिला. उच्चार नेहमीसारखेच निर्दोष.

"ऐकू येत आहे, बाई. हा संवाद आतापर्यंत तीन वेळा लागला. आम्ही तिन्ही वेळा पान उलटले."