कुरणातली माणसं

केझियानं दुधाचं भांडं नाकाजवळ नेलं, तोंड फिरवलं आणि सगळं दूध अंगणाच्या कडेला ओतून दिलं. आजही तोच कुजका वास.

झोपडीत लेटी रडत होती. तिची नात. मेक्सिकोची फौज येतेय म्हणून सगळा टेक्सास बायकापोरं घेऊन पूर्वेकडे पळत सुटला, त्या पळापळीत पोरीची आई तापानं वाटेतच गेली. आता पोर आजीच्या गळ्यात आणि दोघींचा जीव दोन गाईंवर. मक्याची पेज ती थुंकून टाकायची. मांड्यांचं कातडं सैल पडत चाललं होतं. पोर हातची जाणार, हे केझियाला दिसत होतं.

दूध का नासतंय हेही तिला ठाऊक होतं. लढाई झाली ती तिच्याच कुरणात. वसंतातल्या एका दुपारी टेक्सासच्या वसाहतवाल्यांनी मेक्सिकोच्या दूरच्या सरकारला पाणी पाजलं आणि टेक्सास स्वतंत्र झाला. जिंकणाऱ्यांनी आपली माणसं पुरली. मेक्सिकोची शेकड्यांनी पडलेली माणसं तशीच राहिली. कोल्ही येऊन गेली, गिधाडं येऊन गेली, मग पांढरी हाडं उरली, आणि गाई ती चघळत बसायला लागल्या. दावणीला बांधावं तर वैरण कुठं होती? राज्य कुणाचंही आलं तरी गाईला गवत लागतंच.

कुदळ आणि फावडं घेऊन ती लाकडाच्या ढिगाशी गेली. तिथं सिप्रियानो ओंडके फोडत होता. लढाईनंतर कैदी घरोघर कामाला वाटून दिले, त्यातला हा तिच्या वाट्याला आलेला. आल्या आठवड्यातच त्यानं आपल्या सोबत्यांना पुरायची परवानगी मागितली होती. तेव्हा ती त्याच्या अंगावर धावून गेली होती. "माझ्या हायरमला कुणी पुरलं रे?" हायरम तिचा एकुलता मुलगा, लेटीचा बाप. आधीच्या एका लढाईत किल्ला राखताना तो पडला, आणि मेक्सिकोच्या लोकांनी किल्ल्यातल्या साऱ्या मढ्यांवर लाकडं रचून आग लावली. आईच्या हाती चिमूटभर राखसुद्धा आली नाही.

"चल," ती म्हणाली. "खणायचंय."

त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. काय खणायचं ते विचारलं नाही.

कुरणातल्या दलदलीच्या कडेची माती ओली होती, कुदळ सहज बसत होती. पहिल्या खड्ड्यात हाडं ठेवून झाल्यावर सिप्रियानो गुडघ्यांवर बसला आणि त्याचे ओठ हलायला लागले.

"देवाचं मागाहून कर," केझिया खेकसली. "मी हे दुधासाठी करतेय. दुसऱ्या कशासाठी नाही."

"होय सेन्योरा. दुधासाठी," तो म्हणाला आणि शांतपणे प्रार्थना पुरी करूनच उठला.

दुसरा खड्डा निम्मा झाला तेव्हा अमोस टर्नबुल घोड्यावरून आला. शेजारचाच. लढाईत पुढं होता, तेव्हापासून सगळे त्याला कप्तान म्हणायचे, आणि कुणी विसरलं तर तो आठवण करून द्यायचा.

"हे काय चालवलंय, केझियाबाई?"

"डोळे आहेत ना तुला?"

"राहू द्या त्यांना तसंच. आमच्या वाटेला गेलं की काय होतं ते दिसू दे जगाला."

"जग कुठं येतंय इथं बघायला? माझ्या गाई येतात. आणि त्यांचं दूध माझी पोर पीत नाही."

अमोस जरा वरमला. मग म्हणाला, "ह्यांना पुरायचं तर ह्यांच्या सरकारनं पुरावं. आपल्याला काय पडलंय?"

"कुठं आहे ते सरकार?"

"असेल तिकडं, मेक्सिको शहरात."

"मग? एवढ्या लांबून कोण येणार? हेच ओरडत होतास ना तू गावोगाव? लांबच्या सरकारला आपलं दुःख दिसत नाही म्हणून?"

सिप्रियानो कुदळ चालवत राहिला. त्यांचं भरभर बोलणं त्याला फारसं कळत नव्हतं, पण आवाज कळत होते.

अमोसचा चेहरा लाल झाला. जे बोलायला नको होतं ते तो बोलून गेला.

"हायरमला विसरलात तुम्ही."

केझियाचं फावडं थांबलं. बोलली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता.

"विसरता आलं असतं तर रात्री झोप तरी लागली असती. माझ्या लेकराला जाळलं ते सरकार परकं होतं, अमोस. त्याला मी शिव्याशाप देते, मरेपर्यंत देईन. पण ह्यांना असं उघड्यावर टाकलं ते कुणी? आता तर आपलं राज्य आहे. आता मी कुणाला शिव्या देऊ?"

चिखलातून एक कवटी अर्धी वर आली होती, तिच्याकडे बघायचं अमोस टाळत होता. झोपडीतून लेटीचं रडणं येत होतं. आता ते पहिल्यासारखं जोरकसही राहिलं नव्हतं.

केझियानं बाहीनं नाक पुसलं आणि परत फावडं मारलं. खालच्या अंगाला दोन्ही गाई मान खाली घालून उभ्या होत्या. गवत खात नव्हत्या.

"नुसता उभाच राहणार असशील," ती वर न बघता म्हणाली, "तर त्या गाई तरी वळव."

कप्तानानं घोडा गाईंकडे वळवला.