डावीकडे वळणारं विमान

विमान पुन्हा डावीकडेच वळलं.

सोफेवाल्यानं रिमोटची काडी उजवीकडे दाबून धरली. विमान क्षणभर सरळ झालं, ऐकल्यासारखं वाटलं, आणि मग मान तिरकी करून मैदानाच्या कडेच्या घराकडे निघालं. गच्चीच्या कठड्यावर आपटल्याचा आवाज इथपर्यंत आला.

"पडलं?" बाकावर बसलेल्या बायकोनं विचारलं.

"पडलं."

"दादांच्याच गच्चीवर?"

"मग काय, तुझ्या माहेरी?"

बायको हसली नाही. गच्चीचं दार उघडलं की नाही, ते दोघंही न बघितल्यासारखं बघत राहिले.

त्या घरात त्याचा थोरला भाऊ राहायचा. घड्याळं दुरुस्त करायचा. आईचं शेवटचं दुखणं त्याच्याकडेच निघालं. धाकटा तेव्हा एका हॉटेलच्या खुर्च्या शिवायला परगावी होता. काम टाकून येईल म्हणून थोरल्यानं कळवायला उशीर केला, आणि धाकटा आला तेव्हा आई गेलेली होती. "आई तुझ्या एकट्याची होती का?" चारचौघांत तो ओरडला. तेव्हापासून मधे मैदानाएवढंच अंतर होतं, पण कुणी ते ओलांडलं नव्हतं.

विमानाचा नाद मात्र नवा होता. सुईत बघून बघून डोळे दुखायला लागले, तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, लांबचं बघत जा. बायकोनं वाढदिवसाला हे विमान आणून दिलं. फोमचं, हलकं, नवशिक्यांसाठीचं. मोटार लावून वर न्यायचं, मग बंद करून वाऱ्यावर तरंगत ठेवायचं. निदान डब्यावर तरी तसं लिहिलं होतं.

दर वेळी संध्याकाळी विमान सोफेवाल्याच्या फाटकाच्या कडीला पिशवीत अडकवलेलं असायचं. चिठ्ठी नाही, हाक नाही. मात्र मोडलेला पंख जोडलेला. सोफेवाला त्या जोडावरून अंगठा फिरवायचा. कुठून मोडला होता ते हाताला कळायचं नाही. असा जोड देणारा हात त्याला लहानपणापासून माहीत होता. त्याचा भोवरा, त्याची पाटी, त्याची चप्पल, सगळं त्याच हातानं सांधलं होतं.

"परत करायची घाई बघ," तो मोठ्यानं म्हणायचा. "घरात ठेवून घ्यायलासुद्धा नको त्याला."

बायको कणीक मळत राहायची.

विमान सरळ उडावं म्हणून त्यानं काय केलं नाही? पंख वाकू नयेत म्हणून खालून पातळ कार्बनची काडी बसवली. नाकावर टेप गुंडाळली. बॅटरी पुढे सरकवली, मग मागे. शेपटीची पट्टी उजवीकडे वाकवली. उलट्या दिशेला फेकून पाहिलं, तर पठ्ठ्या भला मोठा वळसा घालून पुन्हा त्याच गच्चीवर.

"दुसरं मैदान बघा ना," बायको म्हणाली.

"बघू," तो म्हणाला, आणि बघितलं नाही.

शेवटी तो विमान घेऊन खेळण्यांच्या दुकानात गेला. दुकानदारानं फार काही विचारलं नाही. एका बोटानं नाक धरलं, एका बोटानं शेपूट, आणि विमान अधांतरी लटकवलं. डावा पंख हळूच खाली गेला.

"हा पंख जड आहे."

त्यानं टोकाजवळची टेप सोलली. आत फोम कोरलेला होता आणि त्यात शिशाचा छोटा तुकडा बसवला होता. अगदी मापात. वरून टेप अशी लावलेली, की शिवण दिसू नये.

"हे कारखान्यातलं नाही," दुकानदार म्हणाला. "कुणीतरी मुद्दाम घातलंय. डावीकडेच जावं म्हणून. काढून टाकू?"

सोफेवाला त्या तुकड्याकडे बघत राहिला. मग त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"नको. होतं तसं चिकटव."

घरी येऊन त्यानं बायकोला तो पंख दाखवला. "दादानं घातलंय."

"कशावरून?"

"एवढं नेमकं कोरणारा दुसरा आहे कोण? बोलवत होता मला. आणि मी गाढव, शेपट्या वाकवत बसलो."

"असेल बाई," बायको म्हणाली.

त्यानं तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला, बटणं चुकली म्हणून पुन्हा लावली.

"विमान नेत नाही?"

"आज कशाला पाडायचं? चालत जातो."

बायको खिडकीशी उभी राहिली. मैदानाच्या मधोमध तो थांबला. परततोय की काय असं तिला वाटलं. मग तो चालू लागला, भरभर, लहान मूल उशीर झाल्यावर चालतं तसा. पलीकडचं दार वाजवायच्या आधीच उघडलं. दारात दोन माणसं बराच वेळ एक झाल्यासारखी दिसत होती.

थोड्या वेळानं फोन वाजला. जाऊबाई होत्या, स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात बोलत होत्या.

"बसलेत दोघं. एकमेकांचे हात धरून. मी चहा ठेवलाय."

"वहिनी, यांना शिसं सापडलं. म्हणतात, दादांनी घातलं."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"अगंबाई! आमच्याकडे तर पहिला पंख जोडतानाच सापडलं. हे म्हणाले, धाकट्यानं घातलंय, यायला निमित्त शोधतोय बिचारा. कुणी हात लावायचा नाही."

"मग लावू नका," धाकटी म्हणाली. "आणि माझं नाव काढलंत, तर कोरायला सुरी कुणी दिली तेही सांगेन."