चीजच्या बदल्यात
वासराला आईपासून तोडून काढलेलं दूध मला नको, म्हणून व्हीगन झाले. दूध, दही, तूप झटक्यात सुटलं. साला चीज सुटेना. लालबागच्या नाक्यावर सँडविचवाला चीज किसताना दिसला की जीव कासावीस व्हायचा. काल घरी येऊन ढसाढसा रडले. आज आईने चीज टोस्ट माझ्यापुढे आदळला. "खा गो बाय. तुझो नवस मी माझ्यावर घेतलंय. देवीसमोर मासे सोडलंय, कायमचे." मालवणची बाई ही, बांगड्याशिवाय हिला घास उतरत नाही. मी किंचाळले, "कसला नवस? मी वासरांसाठी सोडलंय गं!" "मगे एवढा रडत कित्याक होतंस?" "देवीला सांग, चुकलं. हात जोडते." "शब्द दिलंय मी." चाळीतल्या शेजाऱ्यांच्या खोलीत तव्यावर बांगडे पडले, चुर्रकन. आईने दार लोटलं आणि टोस्ट माझ्या ओठांना लावला. "खा. नायतर माझे मासे फुकट गेले."